जीपीजी बसवलं, पण तुमचा पसंतीक्रम चावीत गेला का?

नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यातून सुट्या भागाचं ड्रॉइंग जर्मनीतल्या खरेदीदाराकडे जातं. पिंपळगाव बसवंतहून द्राक्षांचे दर रॉटरडॅमला जातात. टिळकवाडीतल्या सीएच्या ऑफिसातून अशिलाचा ताळेबंद बँकेकडे जातो. बहुतेक वेळा हे सगळं साध्या ईमेलने होतं. कुणी फार काळजी घेतलीच तर झिप फाइलला पासवर्ड लावतो आणि तो पासवर्ड पुढच्याच ईमेलमध्ये लिहून पाठवतो. ज्याच्या हाती पहिला मेल लागला त्याच्या हाती दुसराही लागतो, म्हणून त्या पासवर्डचा उपयोग जवळजवळ शून्य.

यावरचा उपाय जुना आणि फुकट आहे. दोन चाव्यांच्या गुप्तलेखनाची कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा प्रोग्रॅम सर्वांच्या हाती दिला. त्याच पद्धतीचा मुक्त प्रोग्रॅम ग्नूपीजी, म्हणजेच जीपीजी, वेर्नर कोख यांनी लिहिला आणि त्याची १.० आवृत्ती १९९९ मध्ये आली. तत्त्व पोस्टाच्या लाल पेटीसारखं आहे: पत्र टाकायला कुणालाही मोकळीक, पेटी उघडायची चावी एकाकडेच. सार्वजनिक चावी जगाला वाटायची. तिने फक्त कुलूपबंद करता येतं. खासगी चावी आपल्याजवळ ठेवायची. उघडणं आणि सही करणं ही कामं तिची.

जीएसटी आणि ई-टेंडरसाठी डीएससीचं, म्हणजे डिजिटल सही प्रमाणपत्राचं, टोकन वापरणाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. डीएससी परवानाधारक संस्था देते आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात तिला स्थान आहे. जीपीजीची चावी तुम्ही स्वतः बनवता, तिच्यामागे कोणतीही संस्था उभी नसते. सरकारी पोर्टलवर ती चालणार नाही. दोन माणसांमधला मजकूर तिसऱ्यापासून लपवणं आणि तो वाटेत बदललेला नाही हे सिद्ध करणं, एवढंच तिचं काम, आणि ते ती फार चोख करते.

आता मुद्द्याकडे. जीपीजी बसवायला दहा मिनिटं लागतात. पण कोणती गुप्तलेखन पद्धत वापरायची, कोणती टाळायची, हा पसंतीक्रम दोन वेगळ्या ठिकाणी लिहावा लागतो आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी लिहून थांबतात. मग आपल्याकडून जाणारा मेल भक्कम असतो, पण आपल्याकडे येणाऱ्या मेलवर त्याचा काहीही परिणाम झालेला नसतो.

बसवणं आणि चावी बनवणं

विंडोजवर जीपीजीफोरविन हा संच घ्यायचा. डाउनलोड करताना आधी देणगीचं पान येतं. शून्याचा पर्याय निवडला की फाइल मिळते. काहींना हे पैसे भरायचं पान वाटतं आणि ते दुसऱ्याच कुठल्या तरी साइटवरून जुनी प्रत उतरवतात, ते करू नका. फाइल उतरली की तिच्यावर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स हा भाग बघा. सही जी१० कोड या कंपनीची हवी. सहीच नसेल तर फाइल उघडू नका. लिनक्सवर जीपीजी बहुधा आधीपासून असतं. ‘जीपीजी --व्हर्जन’ ही आज्ञा देऊन २.२ किंवा त्यापुढची आवृत्ती असल्याची खात्री करा. १.४ दिसलं तर ते जुन्या काळातलं आहे.

(या लेखातल्या आज्ञा आणि सेटिंगच्या ओळी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत टाकायच्या. पर्यायांची नावं छोट्या अक्षरांत, पद्धतींची नावं मोठ्या अक्षरांत, जोडरेषा जिथल्या तिथे.)

संचातला क्लिओपात्रा हा प्रोग्रॅम उघडून नवी चावी-जोडी करायला सांगा. नाव आणि ईमेल विचारलं जाईल. नाव रोमन लिपीत टाका. देवनागरी चालते, पण समोरच्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये त्याच्या जागी चौकोन दिसू शकतात. त्याच खिडकीत ‘चावीला पासफ्रेजचं संरक्षण द्या’ अशा अर्थाची एक चौकट असते (पासफ्रेज म्हणजे अनेक शब्दांचा पासवर्ड). अलीकडच्या आवृत्त्यांत ती आपोआप टिक केलेली नसते. तशीच सोडली तर खासगी चावी डिस्कवर उघडी पडून राहते आणि लॅपटॉप उचलणारा माणूस सगळं वाचू शकतो. ती टिक करायचीच.

प्रगत सेटिंगमध्ये चावीचा प्रकार निवडता येतो. आज सरळ निवड म्हणजे सहीसाठी ईडी२५५१९ आणि मजकूर बंद करण्यासाठी तिची जोडीदार सीव्ही२५५१९. या चाव्या लहान असतात, चटकन चालतात आणि भक्कम आहेत. समोरच्याकडे फार जुना प्रोग्रॅम असेल, तर जुन्या आरएसए प्रकारातली ३०७२ किंवा ४०९६ बिटांची चावी घ्या. आरएसए ३०७२ ची ताकद साधारण १२८ बिटांच्या तोडीची धरतात. ४०९६ ने ती थोडीच वाढते, दुप्पट होत नाही. मुदत दोन वर्षं ठेवा. मुदत नसलेली चावी हरवली किंवा तिची पासफ्रेज विसरली, तर ती लोकांच्या संगणकावर कायम ‘चालू’ दिसत राहते आणि तुम्हाला कधीच उघडता येणार नाहीत असे मेल येत राहतात. मुदत पुढे ढकलणं मात्र अगदी सोपं आहे. खासगी चावी हातात असेल तर मुदत उलटून गेल्यावरही ती वाढवता येते.

पासफ्रेज

सहा शब्द, फाशाने निवडलेले. एका शब्दासाठी फासा पाच वेळा टाकायचा आणि पडलेल्या आकड्यांसमोरचा शब्द क्रमांकित यादीतून घ्यायचा. त्यातून ७७७६ शक्यता होतात, म्हणजे दर शब्दाला सुमारे १२.९ बिट, सहा शब्दांना सुमारे ७७. शब्द आपल्या मनाने निवडले तर हा हिशेब लागू होत नाही, कारण माणसाच्या डोक्यात ठरावीक शब्दच येतात: मुलांची नावं, देवांची नावं, गाडीचा नंबर. मराठी शब्दांची स्वतःची यादी केली तरी हरकत नाही. शब्द फाशाने पडले पाहिजेत एवढंच.

टाइप करायचे मात्र रोमन अक्षरांत. पासफ्रेज देवनागरीत ठेवण्यात खरा धोका आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एक वेगळा ‘ऱ’ वापरून आणि दुसरा साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण प्रोग्रॅमच्या लेखी ते दोन वेगळे पासवर्ड आहेत. घरी इन्स्क्रिप्ट आणि ऑफिसात फोनेटिक कीबोर्ड असेल, तर तोच शब्द बरोबर टाइप करूनही चावी उघडणार नाही, आणि का उघडत नाही हे कळायला काही मार्ग राहणार नाही.

पासफ्रेज एकदा दिली की जीपीजी ती ६०० सेकंद लक्षात ठेवतं. दर वापराला ही मुदत पुन्हा सुरू होते आणि कमाल ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास चालते. घरच्या संगणकावर ठीक आहे. जिथे एकाच संगणकावर तिघं बसतात तिथे क्लिओपात्राच्या सेटिंगमध्ये ‘जीपीजी सिस्टिम’, मग ‘प्रायव्हेट कीज’ इथे जाऊन हे आकडे ६० आणि ३०० वर आणा.

पसंतीक्रम: दोन जागा, दोन कामं

मेल प्रत्यक्षात बंद होतो तो एईएससारख्या पद्धतीने, एका तात्पुरत्या किल्लीने. आणि ती किल्ली समोरच्याच्या सार्वजनिक चावीने बंद होते. तेव्हा प्रश्न उरतो की एईएस१२८, एईएस२५६ की जुनं तिहेरी डीईएस? सहीसाठी, म्हणजे सहीआधी मजकुराचा छोटा ठसा काढण्यासाठी, एसएचए५१२ की एसएचए१? हे पाठवणारा आपल्या मर्जीने ठरवत नाही. प्रत्येक सार्वजनिक चावीत मालकाची यादी असते: मला या पद्धती चालतात, या क्रमाने. पाठवणाऱ्याचा प्रोग्रॅम ती यादी वाचतो आणि त्यातून निवडतो.

म्हणून पहिली जागा तुमची स्वतःची सेटिंग फाइल: तुम्ही पाठवताना, समोरच्याला चालणाऱ्या पद्धतींतून कोणती घ्यायची. दुसरी जागा तुमच्या सार्वजनिक चावीत: इतरांनी तुम्हाला पाठवताना काय वापरावं.

सेटिंग फाइलचं नाव जीपीजी डॉट कॉन्फ. विंडोजवर ती ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमधल्या ‘ग्नूपीजी’ फोल्डरात असते, लिनक्सवर होम फोल्डरमधल्या ‘डॉट ग्नूपीजी’मध्ये. नसेल तर तयार करा. या ओळी पुरतात:

पर्सनल-सायफर-प्रेफरन्सेस एईएस२५६ एईएस१९२ एईएस
पर्सनल-डायजेस्ट-प्रेफरन्सेस एसएचए५१२ एसएचए३८४ एसएचए२५६
सर्ट-डायजेस्ट-अल्गो एसएचए५१२
डिफॉल्ट-प्रेफरन्स-लिस्ट एसएचए५१२ एसएचए३८४ एसएचए२५६ एईएस२५६ एईएस१९२ एईएस झेडलिब बीझिप२ झिप अनकॉम्प्रेस्ड
कीआयडी-फॉरमॅट लाँग
विथ-फिंगरप्रिंट

पहिल्या दोन ओळी तुमच्या पाठवण्याच्या. तिसरी, तुम्ही दुसऱ्याच्या चावीवर सही कराल तेव्हाची. चौथी तुमच्या चावीत जायच्या यादीची (तिच्यात झेडलिबपासून पुढची नावं मजकूर दाबून लहान करण्याच्या पद्धतींची). शेवटच्या दोन फक्त पडद्यावर चावीची ओळख पूर्ण दिसावी म्हणून.

विंडोजवर इथे एक चूक फार होते. नोटपॅड फाइल सेव्ह करताना नावामागे गुपचूप डॉट टीएक्सटी जोडतो आणि विंडोज ते लपवून ठेवतं. फाइल बरोबर दिसते, पण जीपीजी तिच्याकडे बघतही नाही. सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा, आणि फाइल एक्स्प्लोररमध्ये फाइलच्या नावामागचे शेपूट दिसेल असं सेटिंग करा. दुसरी चूक, ओळी व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून चिकटवण्याची. तिथे जोडरेषेची लांब रेघ होऊ शकते. अशा वेळी जीपीजी फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक देऊन ‘इनव्हॅलिड ऑप्शन’ म्हणतं आणि थांबतं. त्या क्रमांकाची ओळ हाताने पुन्हा टाइप केली की काम होतं.

आता बहुतेक जण जे करत नाहीत ते. चौथी ओळ लिहिल्यावर बनवलेल्या चाव्यांतच ती यादी जाते. आधी बनवलेल्या चावीत तिचा काहीही परिणाम होत नाही, कारण यादी चावीवरच्या तुमच्या सहीच्या आत बंद आहे. सही नव्याने केल्याशिवाय ती बदलत नाही. तेव्हा कमांडची खिडकी उघडून ‘जीपीजी --एडिट-की’ आणि पुढे तुमचा ईमेल द्या. आत ‘शोप्रेफ’ लिहिलं की आत्ताची यादी दिसेल. मग नुसतं ‘सेटप्रेफ’ लिहा. ते सेटिंग फाइलमधली चौथी ओळ उचलतं, नवी यादी दाखवतं आणि खात्री विचारतं. हो म्हणा, पासफ्रेज द्या, शेवटी ‘सेव्ह’. सेव्ह न लिहिता खिडकी बंद केली तर केलेलं सगळं वाया. पुन्हा ‘शोप्रेफ’ करून पाहा. यादीच्या शेवटी तिहेरी डीईएस आणि एसएचए१ दिसले तर घाबरू नका. २००७ च्या ओपनपीजीपी प्रमाणात, म्हणजे या प्रोग्रॅमांच्या सामाईक नियमांत, ते सक्तीचे होते म्हणून जीपीजी ते स्वतः शेपटाला जोडून दाखवतं. वरचं काहीच जुळलं नाही तरच त्यांची पाळी येते. एसएचए१ तळाशीच हवं याला ठोस कारण आहे: २०१७ मध्ये एकच एसएचए१ ठसा असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ फाइली प्रत्यक्ष बनवून दाखवल्या गेल्या, आणि २०२० मध्ये तो हल्ला चाव्यांवरच्या सह्यांपर्यंत पोचला.

बदललेली चावी अजून तुमच्याच संगणकात आहे. ती एक्स्पोर्ट करून ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्या प्रत्येकाला पुन्हा पाठवा. तोपर्यंत त्यांच्या दृष्टीने तुमचा पसंतीक्रम जुनाच.

नव्या जीपीजीची (२.३ आणि पुढची) आणखी एक गोष्ट. ते चावी बनवताना ओसीबी नावाची नवी पद्धत आपल्याला चालते असं चावीत नोंदवतं. पद्धत चांगली आहे, पण इतर काही प्रोग्रॅम ती उघडू शकत नाहीत. त्यामुळे तीच चावी फोनवर किंवा दुसऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये नेली, की जीपीजीवाल्यांकडून आलेला मेल तिथे उघडत नाही. वरच्या यादीने सेटप्रेफ केलं की ही नोंद निघून जाते. शोप्रेफमध्ये ओसीबीची, म्हणजे एईएडी नावाची, ओळ उरली नाही ना, एवढं पाहा.

इंटरनेटवरच्या बऱ्याच तयार सेटिंग फाइलींत ‘सायफर-अल्गो एईएस२५६’ अशी ओळ असते. ती टाकू नका. ती पसंती सांगत नाही, सक्ती करते, आणि समोरच्याची यादी न वाचताच मेल बंद करते. त्याला ती पद्धत येत नसेल तर मेल पोचूनही कामाचा नाही. जीपीजीची स्वतःची माहितीपुस्तिकाही त्याऐवजी पर्सनल-सायफर-प्रेफरन्सेस वापरायला सांगते. तशाच ‘एस२के’ने सुरू होणाऱ्या ओळी: खासगी चावीचं संरक्षण वाढवायला म्हणून त्या सुचवल्या जातात, पण २०१४ च्या २.१ आवृत्तीपासून ते काम जीपीजी-एजंट हा खासगी चाव्या सांभाळणारा जोडप्रोग्रॅम बघतो. त्या ओळींचा परिणाम फक्त नुसत्या पासवर्डने बंद केलेल्या फाइलींवर होतो.

एक प्रसंग नीट लक्षात घ्या: एकच मेल तिघांना पाठवताय. मजकूर एकदाच बंद होतो, फक्त तात्पुरती किल्ली तिघांसाठी तीन वेळा बंद होते. म्हणून तिघांना चालेल अशीच पद्धत निवडावी लागते. त्यातल्या एकाची चावी वीस वर्षांपूर्वीची असेल आणि तिच्यात एईएसचा उल्लेखच नसेल, तर तिघांचाही मेल तिहेरी डीईएसवर उतरू शकतो. त्याला नवी चावी करायला सांगा. तोवर त्याला वेगळा मेल पाठवा.

थंडरबर्ड वापरत असाल तर

थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये २०२० च्या ७८ आवृत्तीपासून ही सोय आतच आहे. पण त्याचा चाव्यांचा जुडगा वेगळा आहे आणि ते जीपीजी डॉट कॉन्फ वाचत नाही. क्लिओपात्रात केलेली चावी तिथे आपोआप दिसणार नाही. गुप्त चावीची प्रत काढून ‘अकाउंट सेटिंग्ज’मधल्या ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’मध्ये आणावी लागते. तिथे प्रायमरी पासवर्ड लावायलाच हवा. तो नसेल तर संगणक उघडा सापडणारा कुणीही तुमचे मेल वाचू शकतो. मसुदे एन्क्रिप्ट करून साठवण्याचा पर्याय चालू ठेवा, नाहीतर अर्धवट लिहिलेला मेल सर्व्हरवर उघडा जाऊन बसतो. व्ह्यू मेनूतून मजकूर प्लेन टेक्स्टमध्ये दाखवायला सांगा. २०१८ मध्ये उघड झालेल्या ईफेल हल्ल्यात उलगडलेला मजकूर एचटीएमएलमधल्या चित्रांच्या दुव्यांतूनच बाहेर पाठवला जात होता.

आणि हे सगळं करूनही कुणी, कुणाला, केव्हा पाठवलं ते उघडंच राहतं. विषयाची ओळ थंडरबर्ड लपवतं, बरेच प्रोग्रॅम लपवत नाहीत. विषयात ‘कोटेशन’ एवढंच लिहा, पार्टीचं नाव नको.

समोरच्याची चावी खरी आहे ना?

भक्कम एईएस२५६ ने चुकीच्या माणसासाठी बंद केलेला मेल त्या चुकीच्या माणसाला सहज वाचता येतो. म्हणून चावीचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, जुळवायचा: ४० अक्षरं, चारचार अक्षरांचे दहा गट. शेवटच्या आठ अक्षरांवर भागवू नका. ती आठ अक्षरं जुळणारी खोटी चावी साध्या ग्राफिक्स कार्डवर काही सेकंदांत बनते, हे २०१४ मध्येच दाखवून झालं आहे.

ठसा त्याच ईमेलवर मागवून उपयोग नाही. मेल ज्याच्या ताब्यात आहे तो ठसाही बदलेल. समोरासमोर भेटून जुळवा, किंवा आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करा. फोनवर बी, डी आणि ई सारखेच ऐकू येतात, तेव्हा बी भगूरचा, सी चांदवडचा, डी दिंडोरीचा, ई एकलहऱ्याचा असं म्हणत एकाने वाचायचं, दुसऱ्याने दर चौथ्या अक्षरावर हुंकार द्यायचा. जुळलं की क्लिओपात्रात त्या चावीवर ‘सर्टिफाय’ करा.

प्रत आणि रद्दपत्र

क्लिओपात्रात चावीवर राइट-क्लिक करून गुप्त चावीची प्रत काढा आणि दोन पेन ड्राइव्हवर ठेवा. त्या फाइलला तीच पासफ्रेज लागते, म्हणून पासफ्रेज लिहिलेला कागद त्याच पाकिटात नको. दोन्ही पेन ड्राइव्ह एका जागी ठेवू नका. सराफ बाजारात किंवा पंचवटीत तळमजल्यावर दुकान असेल तर दुसरी प्रत इंदिरानगरला किंवा नाशिकरोडला, उंचावर ठेवा. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचं पाणी दुकानांत शिरलं होतं, आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघून पुराचा अंदाज घेणाऱ्या शहराला हे वेगळं सांगायला नको. ईडी२५५१९ ची चावी लहान असल्याने कागदावरही छापता येते, पण स्वतःच्या प्रिंटरवर. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावला की फाइल तिथल्या संगणकावर राहून जाऊ शकते.

चावी बनतानाच जीपीजी एक रद्दपत्र तयार करून ‘ओपनपीजीपी-रेव्हॉक्स डॉट डी’ या फोल्डरात ठेवतं. लॅपटॉप गेला तर हे पत्रच लोकांना सांगतं की ही चावी आता वापरू नका. त्याचीही प्रत बाहेर ठेवा, कारण लॅपटॉपबरोबर तेही जाईल. चुकून वापरलं जाऊ नये म्हणून त्यातल्या पहिल्या रेघेच्या सुरुवातीला एक विसर्गासारखं चिन्ह मुद्दाम टाकलेलं असतं. गरज पडेल तेव्हा साध्या एडिटरमध्ये ते चिन्ह काढायचं, फाइल इम्पोर्ट करायची, चावी रद्द झालेली दिसली की ती सगळ्यांना पाठवायची, आणि नवी चावी करून तिचा ठसा पुन्हा प्रत्येकाशी जुळवायचा. जुनी खासगी चावी मात्र पुसू नका. तिच्यासाठी बंद केलेले आजवरचे सगळे मेल फक्त तिनेच उघडतात.